गोबरगॅसची टाकी आणि सरकारी पैसा : थोडा इतिहास, थोडा घरचा हिशेब



आधी शिवारातली खबर. हरभऱ्याचे घाटे भरत आलेत, शाळू निसवलाय, उसाला अजून तोड नाही. सकाळी धुकं पडतंय, हरभऱ्यावर लक्ष असू द्या. आज मात्र जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्याकडं सामुदायिक गोबरगॅसचा ठराव येणार आहे. गायरानाच्या कडेला मोठी टाकी, गावातल्या गोठ्यांचं शेण तिथं जाणार, गॅस शाळेच्या पोषण आहाराला आणि उरला तर जवळच्या घरांना. पैसा सरकारी. चावडीवर बोलणं चाललंय की फुकट येतंय तर नको कशाला म्हणायचं.

त्याच आठवड्यात घरी थोरलं पोरगं म्हणालं, "पप्पा, गोठ्यामागची ती जुनी टाकी बुजवून टाकू. ट्रॉली लावायला जागा होईल." ती टाकी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८४ साली बांधली. पंचवीस वर्षं झाली, बंद आहे. पावसाचं पाणी साचतं आणि बेडकं ओरडतात, एवढाच तिचा उपयोग.

एक टाकी बुजवायची आणि दुसरी बांधायची, दोन्ही निर्णय एकदमच पुढ्यात आले. म्हणून म्हटलं, सरकारचा पैसा आपल्या शेणापर्यंत पोचला कसा आणि पुढं त्याचं काय झालं हे एकदा नीट मांडू. मी दहावी पास माणूस आहे, पण आण्णांची वही आणि जुन्या पुस्तिका जपून ठेवल्यात.

सुरुवात मुंबईत

गोबरगॅस म्हटलं की गुजरात नाहीतर चीन आठवतो. पण आपल्या देशातला सगळ्यात जुना दाखला मुंबईचा देतात. माटुंग्याला १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी त्यात पुढाकार घेतला होता, आज वडाळ्याला त्यांच्याच नावाचं रुग्णालय आहे. १८९७ साली तिथल्या मैल्याच्या टाकीतला गॅस दिवाबत्तीला वापरला गेला आणि १९०७ मध्ये त्यावर इंजिन चालवलं. म्हणजे पहिली टाकी कुणाच्या परड्यात नव्हती, सार्वजनिक संस्थेत होती. टाकी बांधली आणि सोडून दिली असं तिथं झालं नाही, रोज बघणारी माणसं होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिच्याकडं परत यायचंय.

शेणावरचं काम नंतर सुरू झालं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून गॅस काढायचे प्रयोग केले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाची रचना केली. खाली विहिरीसारखी टाकी, वर तरंगणारा लोखंडी डोम. गॅस भरला की डोम वर येतो, वापरला की खाली बसतो. घरातल्या बाईला डोमाकडं नजर टाकली की कळायचं, आज भाकरी होऊन आमटी होईल का नाही.

खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६२ च्या सुमारास हीच रचना हातात घेतली आणि देशभर न्यायला सुरुवात केली. थोडं अनुदान, थोडं कर्ज आणि बाकी शेतकऱ्याचे, हा साचा तेव्हाच पडला. साठ वर्षं झाली तरी तोच चाललाय.

आपल्याकडं याला आणखी एक धागा आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, खत आणि गॅस यांची सांगड घालायचं काम केलं. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन देहूच्या आरोग्य केंद्रातले डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅसच्या टाक्या उभ्या केल्या. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात बांधकामापेक्षा घरोघर जाऊन माणसं तयार करण्यावर जास्त वेळ गेला.

तेल महागलं आणि योजना मोठी झाली

१९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महागलं. रॉकेल, डिझेल, खत सगळंच अडचणीत आलं. तेव्हा दिल्लीला शेणाची आठवण झाली. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातल्या अजितमल केंद्रातून ‘जनता’ मॉडेल निघालं. त्यात लोखंड नाही, सगळं वीटकाम आणि जमिनीत पक्का घुमट. १९८४ ला ‘दीनबंधू’ आलं, ते आणखी स्वस्तात बसायचं. लोखंड गेलं म्हणजे गंज गेला, पण घुमट बांधणारा गवंडी हुशार पाहिजे. केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो.

१९८१-८२ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. त्याची चाल अशी होती. दिल्लीत वर्षाचं उद्दिष्ट ठरायचं. ते राज्याला, राज्याकडून जिल्हा परिषदेला, तिथून पंचायत समितीला आणि शेवटी ग्रामसेवकाच्या डोक्यावर. टाकी किती घनमीटरची आहे त्यावर अनुदान ठरलेलं. अल्पभूधारक आणि मागासवर्गीयांना जास्त. उरलेल्या रकमेला बँकेचं कर्ज, त्यामागं १९८२ साली निघालेल्या नाबार्डचं फेरकर्ज. बांधून देणाऱ्यालाही टाकीमागं काही रक्कम, त्या बदल्यात तीन वर्षं फुकट देखभाल करायची हमी. पुढं ही हमी पाच वर्षांची झाली.

हे काम लहान नव्हतं. देशात आजवर बांधलेल्या घरगुती टाक्यांचा आकडा ५० लाखांच्या घरात आहे आणि त्यात महाराष्ट्र पहिला, ९ लाखांच्या आसपास. सरकारी पैसा वाया गेला असं सरसकट म्हणणारांनी हा आकडा बघावा. लाखो चुलीपुढचा धूर या पैशानं कमी केला. माझ्या आईचे डोळे त्यातलेच.

आमची टाकी

आण्णांनी १९८४ ला चार घनमीटरची, लोखंडी डोमाची टाकी घातली. तेव्हा दावणीला लहानमोठी नऊ जनावरं होती. घनमीटरमागं रोज साधारण २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार घनमीटरला १०० किलो. आई आणि चुलती सकाळी शेण कालवायच्या, मी कॉलरा फिरवल्यासारखा हातानं ढवळायचो म्हणून पोरं चिडवायची. अनुदान बँकेत कर्जखात्यावर जमा झालं, उरलेले हप्ते आण्णांनी गुळाच्या पैशातून फेडले. वहीत शेवटच्या हप्त्यापुढं त्यांनी लिहिलंय, "गॅस आपला झाला."

पंधरा वर्षं टाकी झकास चालली. स्लरी उसाला जायची, जळणासाठी शेणी थापायचं काम गेलं. डोमाला मात्र दरसाल रंग द्यावा लागतो. आण्णा आजारी पडले तेव्हा दोन वर्षं रंग राहिला, ही चूक आमची, कुणावर ढकलत नाही. डोम खालच्या कडेला कुजला. नवीन डोमाचा भाव विचारला तर तो मूळ अनुदानापेक्षा जास्त निघाला. मी तालुक्याला एका कार्यालयात गेलो. साहेब चांगला माणूस होता, चहा पाजला. म्हणाला, "दुरुस्तीला हेड नाही. नवीन बांधत असाल तर अर्ज द्या. पण तुमच्या वडिलांच्या नावावर एकदा उचललेलं आहे, ते परत बसायचं नाही."

नंतर कधीतरी कार्यक्रमात बंद टाक्यांच्या दुरुस्तीला थोडी मदत धरली गेली, असं वाचलं. आमच्यापर्यंत ती पोचली नाही आणि आम्हीही पाठपुरावा केला नाही. तोवर सिलिंडर घरात आला होता.

त्याच काळात आमच्याच गावात मार्चअखेरीला चार टाक्या अशा बांधल्या गेल्या की घरात एकच म्हैस. उद्दिष्ट पुरं झालं, फोटो निघाले. एका टाकीत पुढं कोंबड्या राहिल्या. त्या घरमालकांची चूक म्हणावी तर त्यांना टाकी पाहिजे होती असंही नाही, गळ्यात पडली होती.

पैसा कुठं अडला

यातून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट एवढीच. पैसा बांधायला आला, चालवायला आला नाही.

सिलिंडरशी तुलना करून बघा. सिलिंडरवरची सवलत प्रत्येक टाकीमागं मिळत आली. २०१६ ला उज्ज्वला योजना आली, २०२२ पासून उज्ज्वलाच्या बहिणींना सिलिंडरमागं २०० रुपये आणि २०२३ मध्ये ३०० रुपये सूट झाली. ते बरोबरच आहे, गरिबाच्या घरातला धूर गेला पाहिजे. पण जो गॅस बाहेरच्या देशातून येतो त्याला दरवेळी मदत, आणि जो दावणीला तयार होतो त्याला आयुष्यात एकदाच. मग टाकी पहिल्या बिघाडाला बंद पडली तर नवल काय? दोन घनमीटरची टाकी नीट चालली तर महिन्याला दीड सिलिंडरचं काम करते. ती बंद पडली तर घरमालकाचं नुकसान दिसतं. सरकारी कागदावर मात्र ती कायम बांधलेलीच असते.

आणि हवामानाचं म्हणाल तर उकिरड्यात कुजणाऱ्या शेणातून मिथेन हवेत जातो. तापमान वाढवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट जोरकस आहे. टाकीत तोच मिथेन धरून जाळला तर दोन फायदे. पण फायदा टाकी चालू असलेल्या दिवसाचाच धरता येतो, बांधल्याच्या दाखल्याचा नाही.

दोन वेगळी उदाहरणं

दोन्ही शेजारच्या कर्नाटकातली आहेत. पहिलं तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावचं. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतले प्राध्यापक ए. के. एन. रेड्डी आणि त्यांची माणसं तिथं सामुदायिक टाकी घेऊन गेली. आधी विचार स्वयंपाकाच्या गॅसचा होता, पण सगळ्या चुलींना पुरेल एवढं शेणच नव्हतं आणि गावाला खरी गरज पाण्याची होती. मग १९८७ पासून त्या गॅसवर इंजिन चालवून विंधन विहिरीचं पाणी नळाला आणि घरात दिवे, असं केलं. शेण देणाऱ्याला स्लरी परत मिळायची, वर आणून टाकल्याची थोडी मजुरी. नळ-दिव्याचे पैसे गावानं भरायचे. टाकी चालवायला गावातलीच पोरं. संशोधनाचा आणि सरकारचा पैसा बांधायला लागला, पण रोजचा गाडा गावाच्या वसुलीवर चालला.

दुसरं बागेपल्ली तालुका. तिथल्या मजूर-शेतकऱ्यांच्या संघानं ५,५०० घरांना दोन घनमीटरच्या टाक्या द्यायचा प्रकल्प केला. क्योटो कराराखाली कार्बन क्रेडिट विकून पैसा उभा करायचा म्हणून २००५ साली तो नोंदवला गेला. कार्बन क्रेडिटमधलं सगळंच मला पटतं असं नाही. पण त्याची एक अट मला फार आवडली. क्रेडिट पाहिजे तर टाकी किती दिवस चालली याची नोंद ठेवावी लागते. बंद टाकीला पैसा नाही. म्हणजे टाकी बंद पडली तर संघालाच घाई होते की उद्याच्या उद्या माणूस पाठवा.

सरकारकडं पैसाच नाही का?

आहे. २०१० मध्ये केंद्रानं कोळशावर टनाला ५० रुपये सेस बसवला. नाव दिलं राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी. २०१४ ला तो १००, २०१५ ला २०० आणि २०१६ ला ४०० रुपये झाला. कोळशावर वीज होते, तेव्हा शेवटी तो आपल्याच बिलात उतरायचा. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात यातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यातले निधीत गेले सुमारे २९,६४५ कोटी आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना लागले सुमारे १५,९११ कोटी. २०१७ ला जीएसटी आला आणि ही वसुली राज्यांच्या नुकसानभरपाईकडं वळली. दुरुस्तीला हेड नाही हे ऐकून मी घरी आलो होतो, तेव्हा हा सेस नव्हता. पण सेस आल्यावरही ते हेड आमच्या तालुक्यात काही दिसलं नाही.

सौर पंपाच्या बाबतीत मात्र थोडी सुधारणा झाली हे कबूल केलं पाहिजे. २०१९ ची कुसुम योजना आणि आपल्या राज्याची २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यात शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, आणि सोबत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा. म्हणजे चालू ठेवण्याचा विचार कागदावर तरी आला. हमीप्रमाणे माणूस वेळेवर येतो का, हे ज्यानं त्यानं आपापल्या बांधावर तपासावं.

आता गोबरगॅसला काय मिळतं

घरगुती टाकीला २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात आपल्याकडं १ घनमीटरला ९,८०० आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये केंद्राचं अनुदान ठरलं. संडास जोडला तर वर १,६०० रुपये. अर्ज जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडं.

गावाच्या टाकीला २०१८ ला सुरू झालेली गोबरधन योजना. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तिला जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत तरतूद. लक्षात घ्या, गावाला नाही, जिल्ह्याला.

तिसरा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावरच असतो. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ३० टक्के हिस्सा स्वच्छतेसाठी बांधलेला होता आणि त्यात देखभालही बसायची. बहुतेकांचं लक्ष या पैशाकडं जातच नाही. या सगळ्या योजनांच्या मुदती मार्च २०२६ पर्यंतच्या धरलेल्या होत्या, त्यामुळं पंचायत समितीत विचारूनच पुढं जावं.

ग्रामसभेत मी काय बोलणार

विरोध करणार नाही. पण चार गोष्टी ठरावात लिहून घ्या म्हणणार.

पहिली शेणाची. ५० घनमीटरची टाकी धरली तर रोज १,२५० किलो शेण पाहिजे. जनावरामागं १० किलो धरलं तरी सव्वाशे जनावरं. गेल्या रविवारी मी वहीपेन घेऊन वस्तीवस्तीवर मोजून आलो. जनावरं एकशे ऐंशी भरली. पण शेण रोज देणार का विचारलं तर "बघू" म्हणणारे निम्म्याहून जास्त. त्यांचं खरंच आहे. शेणखताची ट्रॉली आज काय भावानं जाते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून देईल त्याला वजनावर स्लरी परत, हे आधी ठरलं पाहिजे. नाहीतर टाकी लहान बांधा.

दुसरी माणसाची. रोज शेण कालवणारा, स्लरी काढणारा, पाईपातलं पाणी काढणारा माणूस कोण आणि त्याचा पगार कुठून? वित्त आयोगाच्या हिश्श्यातून किती आणि स्लरीच्या विक्रीतून किती, हे आकड्यात पाहिजे. माटुंग्याच्या आश्रमात रोज बघणारी माणसं होती म्हणून ती टाकी चालली, हे म्हणूनच वर लिहिलं.

तिसरी दुरुस्तीची. वेगळं बँक खातं, सह्या बचत गटातल्या दोघींच्या. चुलीपुढं ज्या बसतात त्यांनाच गॅस बंद पडल्याचं पहिल्यांदा कळतं.

चौथी बांधणाऱ्याची. शेवटचा हप्ता टाकी बांधून झाल्यावर द्यायचा नाही, एक उन्हाळा आणि एक हिवाळा चालल्यावर द्यायचा. थंडीत गॅस कमी होतो, खरी परीक्षा तेव्हाच असते.

एवढं लिहून घेतलं तर माझा हात पहिला वर जाईल. नाहीतर दहा वर्षांनी गायरानात अजून एक बेडकांची विहीर होईल, आणि आपली नातवंडं विचारतील की हे कशाला बांधलं होतं.

राहिली आमची टाकी. परवा गवंड्याला उतरवून दाखवली. बाहेरचं बांधकाम शाबूत आहे, मधल्या भिंतीला चीर आहे तेवढी भरावी लागेल. लोखंडाच्या जागी फायबरचा डोम बसतो, त्याला गंज नाही. दावणीला आता दोन म्हशी, दोन गाई, शेण चाळीस-पंचेचाळीस किलो. म्हणजे टाकी चार घनमीटरची असली तरी गॅस निम्माच मिळेल. आमच्या पाच माणसांना दोन वेळचा होईल. अनुदान नाही, ते आण्णांच्या नावावर उचलून झालंय. खर्चाचा हिशेब पोराच्या पुढ्यात ठेवला. त्यानं मोबाईलवर सिलिंडरचे पैसे मांडले, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ट्रॉली दुसरीकडं लावू. पण रोज शेण कोण कालवणार ते आत्ताच ठरवा."

प्रश्न बरोबर विचारला त्यानं. सकाळी मी, संध्याकाळी तो, असं ठरलंय.

तुमच्या गावात चालू असलेली जुनी टाकी असेल तर ती कशामुळं टिकली ते जरूर कळवा. ग्रामसभेत सांगायला उपयोगी पडेल.